हलवून खुंटा बळकट की खिळखिळा? अण्णांचं इम्प्लांट, भाकर आणि जबड्याचं हाड

मांजराकाठ (धागाकर्ता) | रात्री १०:४०

मंडळी, प्रश्न दाताचा आहे, भांडण मात्र घरात लागलंय.

आमचे अण्णा ६८ वर्षांचे. गाव औशाकडं, अजून रोज शेतात जातात. उजवीकडची खालची पहिली दाढ तीन वर्षांपूर्वी काढली होती. यंदा पोळा झाल्यावर तिसऱ्या दिवशी लातूरला तिथं इम्प्लांट बसवलं. टायटॅनियमचा स्क्रू, ४ मिमी जाड, १० मिमी लांब. वर हिरडीच्या पातळीला एक छोटी टोपी लावलीय, दात अजून नाही. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी दात बसवू, तोवर त्या बाजूनं कडक काही चावायचं नाही.

अण्णांचं म्हणणं: "पान्यानं एवढा आवळला की माझा जबडा हलला. मग तीन महिने थांबायचं कामून? लोखंड हाय का मेण?" त्यात शेजारच्या गावच्या एका पाहुण्याला पुण्यात तीन दिवसांत दात बसवून मिळाले, तेही वरचे सगळे. म्हणजे आमचा डॉक्टर एकतर भित्रा नाहीतर फेऱ्या मारायला लावणारा, हे अण्णांच्या लेखी सिद्ध झालं.

काल सर्वपित्री. भावकीत जेवायला गेलो. मी समोर बसलेला असताना उजव्या बाजूनं वडा, मग त्याच बाजूनं कडक भाजलेली भाकर. मी डोळ्यानं खुणावलं तर सगळ्या पंगतीसमोर म्हणाले, "खुंटा हलवल्याबिगर बळकट होत नसतो." घरी येऊन त्या टोपीवर नख आपटून दाखवलं. टक्क वाजलं, हललं नाही, दुखलंही नाही.

तर माझे प्रश्न. आवळून बसलेल्या स्क्रूला थांबायची गरज काय? पाहुण्याचं तीन दिवसांत कसं जमलं? आणि दात बसल्यावर तरी भाकर खाता येणार का, की त्या हाडाला जन्मभर जपत बसायचं? नेटवर एका ठिकाणी वाचलं की चावण्याच्या भारानं हाड झिजतं, दुसऱ्या ठिकाणी की भार नसला तर झिजतं. दोन्ही खरं कसं असेल?

मोंढ्यावरचा | रात्री १०:५२

"लोखंड हाय का मेण" ही पाटी उद्या आडतीवर लावतो. उत्तर ठाऊक नाही, कट्ट्यावर बसलोय, चालू द्या.

अक्कलदाढ | रात्री ११:३०

मी दंतवैद्य, लातुरातच. (मांजराकाठ, तुमचा डॉक्टर मी नाही, निवांत बोला.)

अण्णांचा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. बसवताना जी पकड मिळाली ती खरीच आहे. आम्ही हाडात भोक पाडतो ते स्क्रूपेक्षा किंचित लहान, त्यामुळं आटे हाडात दाबून बसतात. सुतार सागात स्क्रू पिळतो तसंच. चांगली पकड म्हणजे साधारण ३५ न्यूटन-सेंटिमीटर. आकडा ऐकायला भारी वाटतो, पण १० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला साडेतीनशे ग्रॅम वजन टांगलं की तेवढा पीळ बसतो. अण्णांचा जबडा हलला तो पिळानं कमी, धास्तीनं जास्त.

आता खरी गोम. साग मेलेला असतो, हाड जिवंत असतं. आट्यांनी दाबलेलं, ड्रिलनं दुखावलेलं हाड शरीर तसंच ठेवत नाही. ते आधी पोखरून काढतं, मग तिथं नवं भरतं. आधी काढणं, नंतर भरणं. या दोन कामांच्या मधे काही दिवस असे येतात की जुनी पकड सैल झालेली असते आणि नवी अजून आलेली नसते. हे दिवस साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यातले. म्हणजे इम्प्लांट पहिल्या दिवशी जितकं घट्ट होतं, त्यापेक्षा तिसऱ्या आठवड्यात कमी घट्ट असतं. अण्णांनी वडा नेमका या मधल्या दिवसांत खाल्ला!

त्या दिवसांत स्क्रू आणि हाड यांच्यात ५० ते १५० मायक्रॉनच्या पुढं हालचाल होत राहिली तर धोका. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरा. म्हणजे केसाच्या जाडीच्या आगेमागे आपला सगळा खेळ आहे, नख आपटून तो कळत नाही. हालचाल जास्त झाली की तिथं येणाऱ्या कोवळ्या रक्तवाहिन्या तुटतात आणि हाडाऐवजी तंतूंचा पापुद्रा बनतो. एकदा पापुद्रा बनला की मागं फिरत नाही. स्क्रू काढावाच लागतो.

एक दिलासा. टोपी हिरडीच्या पातळीला आहे, समोरचा दात तिला टेकत नाही. एका जेवणात घासाचा जो काय दाब आला असेल तेवढाच. एवढ्यानं सहसा बिघडत नाही. पण रोजचं करू नका म्हणावं.

ताण_आणि_बाक | सकाळी ७:१५

वाळूजला मशीन डिझाइनमध्ये आहे. दात माझा विषय नाही, पण हा स्क्रू माझा विषय आहे.

खऱ्या दाताच्या मुळाभोवती साधारण ०.२ मिमीचा तंतूंचा पट्टा असतो, त्यावर तो लोंबकळत असतो. आमच्या भाषेत रबरी बुश. खरी दाढ चावताना २५ ते १०० मायक्रॉन खाली दबते. हाडानं धरलेलं इम्प्लांट ३ ते ५ मायक्रॉन. बुश नसलेली गाडी खड्ड्यात घाला, तसंच. धक्का सरळ चॅसीला.

दुसरं, टायटॅनियमचा कडकपणा ११० गिगापास्कलच्या आसपास, जबड्याच्या बाहेरच्या कठीण हाडाचा १५ ते २०. कडक आणि मऊ वस्तू एकत्र भार घेतात तेव्हा दोघांचा सांधा जिथं सुरू होतो तिथं ताण साठतो. म्हणून संगणकावर हा भार काढून पाहिला की लाल रंग, म्हणजे सगळ्यात जास्त ताण, हमखास स्क्रूच्या मानेशी दिसतो, पहिल्या दोनतीन आट्यांजवळ. टोक खाली निवांत असतं. लांब स्क्रू घातला की भार खालपर्यंत वाटला जाईल असं वाटतं, पण लांबीपेक्षा जाडीनं फरक जास्त पडतो.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: दिशा. सरळ खाली दाबलेला भार हाड सहज पेलतं. आडवा भार म्हणजे तरफ. खालची पहिली दाढ साधारण ११ मिमी रुंद असते आणि खाली खांब ४ मिमीचा. गडव्यावर परात ठेवल्यासारखं. परातीच्या मधोमध दाबा, काही होत नाही. काठावर बोट ठेवा!

पेशीवाली | सकाळी ९:०५

नांदेडला शरीरक्रियाशास्त्र शिकवते. ताण_आणि_बाक यांचं गणित बरोबर आहे, फक्त त्यात एक गोष्ट राहते. मशीनचा भाग भार सोसतो आणि झिजतो. हाड भार सोसतं आणि त्याला उत्तर देतं.

हाडाच्या आत लाखो पेशी कोंडलेल्या असतात, ऑस्टिओसाइट म्हणतात. प्रत्येकीला बारीक बारीक पाय असतात आणि ते केसाहून बारीक नळ्यांमधून शेजारणीपर्यंत पोचलेले असतात. नळ्यांत पाणी असतं. हाडावर भार आला की ते किंचित वाकतं, नळ्यांतलं पाणी सरकतं आणि पेशींना कळतं की मालक काम करतोय. मग त्या स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन कमी सोडतात. ते प्रथिन म्हणजे हाड बांधणाऱ्या गवंड्यांवरचा ब्रेक. ब्रेक सुटला की बांधकाम सुरू. काम थांबलं की ब्रेक परत दाबला जातो आणि पोखरणाऱ्या पेशींना बोलावणं जातं.

भारानुसार हाडाची घडण बदलते, हे जर्मन शल्यचिकित्सक यूलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं. त्याला आकडे जोडले हॅरॉल्ड फ्रॉस्ट यांनी, १९८०च्या दशकात. मोजमाप मायक्रोस्ट्रेनचं. १००० मायक्रोस्ट्रेन म्हणजे एक मीटर हाड एक मिलिमीटर दबणं. फ्रॉस्टच्या हिशोबात ५०–१०० च्या खाली हाड स्वतःला काढून टाकायला लागतं. त्यावर १५०० पर्यंत आहे तसं राहतं. १५०० ते ३००० मध्ये भर घालतं. ४००० च्या पुढं दुरुस्तीच्या वेगापेक्षा इजेचा वेग वाढतो. मोडायला लागतात सुमारे २५०००. हे आकडे हातापायांच्या लांब हाडांवरून आलेत, जबड्याला डोळे झाकून लावू नयेत, पण चित्र तेच.

म्हणजे मांजराकाठ, तुम्ही वाचलेलं दोन्ही खरं आहे. एक १०० च्या खालचं सांगतंय, दुसरं ४००० च्या वरचं.

आणि दाढ काढून तीन वर्षं रिकामी ठेवली ना? दाढ काढल्यावर त्या जागच्या हाडाची रुंदी वर्षभरात साधारण निम्म्यानं घटते, त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच. पडीक रान.

मोंढ्यावरचा | सकाळी ९:२०

पेशीवाली मॅडम, मग हाड वाढवायला दिवसभर दात आवळून बसलो तर?

पेशीवाली | सकाळी ९:४८

छान प्रश्न, आणि उत्तर नाही. हाड स्थिर दाब मोजतच नाही. दाबलं-सोडलं, दाबलं-सोडलं असंच हवं. पाणी सरकायला हवं ना! १९८४ मध्ये रुबिन आणि लॅनियन यांनी कोंबड्यांच्या पंखातल्या हाडावर प्रयोग केला होता. हाडावर भारच येऊ दिला नाही तर ते आटत गेलं. दिवसाला फक्त ४ वेळा भार दिला तर टिकलं. ३६ वेळा दिला तर वाढलं. आणि १८०० वेळा दिला तरी ३६ पेक्षा जास्त वाढलं नाही. हाडाला थोडक्यात कळतं. उगाच राबवून घेण्यात अर्थ नाही.

लिंबोणी | दुपारी २:१०

वाचते आहे आणि चिडते आहे.

माझ्या मावशीची गोष्ट. बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. वरच्या जबड्यात मागं, डावीकडं, दोन इम्प्लांट. गावाचं आणि दवाखान्याचं नाव घेत नाही. लग्न होतं घरात म्हणून तिनंच घाई केली, हे कबूल. पण त्यांनीही दोन आठवड्यांत पक्के दात चढवून दिले. "आता नवीन तंत्र आहे, थांबायची गरज नाही." लग्नात मावशी सगळं खाल्ली. सव्वा महिन्यानं एक दात जिभेनं ढकलला तरी हलायला लागला. दुखणं अजिबात नाही. दाखवायला गेली तर म्हणे, "तुमचंच हाड खराब." दोन्ही काढावे लागले. पैसे गेले ते गेलेच, पण "तुमचं हाड खराब" हे ऐकून ती बाई महिनाभर कॅल्शियमच्या गोळ्या खात बसली.

हाड खराब होतं तर आधी का नाही सांगितलं?

अक्कलदाढ | दुपारी ३:३५

लिंबोणी, तुमची चीड रास्त आहे. वरच्या जबड्याचा मागचा भाग हा सगळ्यांचाच मऊ असतो, मावशींचा एकट्यांचा नाही. १९८५ पासून आम्ही जबड्याच्या हाडाचे चार प्रकार मानतो, लेकहोल्म आणि झार्ब यांची वर्गवारी. पहिला प्रकार जवळजवळ सगळा कठीण. चौथा म्हणजे वर पातळ टणक कवच आणि आत जाळीदार भुसभुशीत. वरच्या दाढांची जागा बहुतेक वेळा चौथ्यात मोडते. अंगठ्याखाली ड्रिल धरलं की आम्हाला कळतं: खालच्या जबड्यात पुढं मुरमात पहार मारल्यासारखं लागतं, वर मागं ओल्या काळ्या मातीत गेल्यासारखं. ते कळूनही सांगितलं नसेल तर चूक सांगणाऱ्याची. कॅल्शियमच्या गोळ्यांनी त्यात फरक पडला नसता.

स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क, ज्यांनी हे शास्त्र उभं केलं, त्यांनी १९५० च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियमची छोटी कुपी बसवली होती, रक्तप्रवाह बघायला. नंतर काढायला गेले तर निघेना, हाडानं धरून ठेवलेली. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला इम्प्लांट बसवले. त्यांची शिस्त कडक होती: खालच्या जबड्यात तीन महिने, वरच्यात सहा महिने हिरडीखाली झाकून ठेवायचं, काहीही भार नाही. आज पृष्ठभाग खडबडीत केलेले असतात, हाड लवकर धरतं, त्यामुळं मुदत खाली आलीय. पण मऊ हाड, आणि दोन आठवड्यांत पूर्ण भार? मी केलं नसतं.

ताण_आणि_बाक | दुपारी ४:००

मग त्या पाहुण्याला तीन दिवसांत कसे बसवले? तेही वरच्या जबड्यात. तुमच्याच म्हणण्यानुसार ओली काळी माती.

अक्कलदाढ | दुपारी ४:२५

कारण त्यांना सगळेच दात बसवायचे होते, एकच नव्हे. आख्ख्या जबड्यात चार, सहा किंवा जास्त इम्प्लांट बसवतात, शक्यतो टोक कठीण कवचात अडकवून, आणि वरून सगळ्यांना एका ताठ पट्टीनं जखडतात. शेताच्या कडेला एकटी मेढ रोवा आणि म्हशीला तिला अंग घासू द्या, दोन दिवसांत वाकडी. त्याच पाच मेढींना आडवा वासा ठोका, म्हैस काही करू शकत नाही. एकट्या खांबावर येणारा आडवा भार पट्टीमुळं बाकीच्यांत वाटला जातो, मग प्रत्येकाची हालचाल त्या ५०–१५० मायक्रॉनच्या आत राहते. हाडाला भार चालतो. हाडाला हालचाल चालत नाही. सुरुवातीच्या दिवसांत हा फरक सगळ्यात मोठा.

अण्णांचा खुंटा एकटा आहे. त्याला शेजारी नाही. म्हणून तीन महिने.

पेशीवाली | सायं. ६:१०

"हाडाला भार चालतो, हालचाल चालत नाही" हे वर्गात फळ्यावर लिहिणार आहे, आधीच सांगून ठेवते.

पण मग अण्णांची म्हण? खुंटा हलवून बळकट होतो की नाही? मला वाटतं अण्णांची म्हण बरोबर आहे, मुहूर्त चुकलाय. धरलेल्या हाडाला दाबणं-सोडणं हवंच. न धरलेल्याला नको.

ताण_आणि_बाक | सायं. ६:४०

माझा मूळ प्रश्न वेगळा. धरल्यानंतर जास्त भार आला तर हाड विरघळतं का? आमच्याकडं जास्त भार म्हणजे भाग तुटतो, प्रश्न मिटला. तुमच्याकडं यावर दोन डॉक्टर तीन मतं देतात.

अक्कलदाढ | रात्री १०:०५

तीनच म्हणालात, कमी आहेत.

हा खरंच वादाचा मुद्दा आहे, म्हणून जरा सविस्तर. १९९६ मध्ये इसिडोर यांनी माकडांवर प्रयोग केला. काही इम्प्लांटवर मुद्दाम उंच दात बसवून जास्तीचा आडवा भार, काहींच्या मानेभोवती सुती दोरा बांधून घाण साचू दिली. जास्त भारवाल्यांपैकी बऱ्याच इम्प्लांटनी हाडाची धर पूर्ण सोडली. घाणवाल्यांचं वरच्या बाजूनं हाड कमी झालं, पण ती खाली धरून राहिली. म्हणजे भार दोषी ठरला.

मग २००४ मध्ये हाइट्झ-मेफील्ड आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर केला. उंच दात बसवून ८ महिने जास्तीचा भार दिला, पण हिरड्या रोज स्वच्छ ठेवल्या. हाड गेलं नाही. भार निर्दोष सुटला.

यांच्या मधोमध २००१ चा सशांवरचा एक प्रयोग आहे, डाइक आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी स्थिर भार आणि बदलता भार वेगळा करून पाहिला. स्थिर भारानं फारसं बिघडलं नाही. मोठ्या बदलत्या भारानं इम्प्लांटच्या मानेभोवती वाटीसारखा खळगा पडला. पेशीवालीताईंचं दाबलं-सोडलं इथं उलट्या बाजूनं दिसतं. हाड जे मोजतं, तेच त्याला मारूही शकतं, प्रमाण चुकलं तर.

माझं मत, १९ वर्षांत पाहिलेल्या रुग्णांवरून: दवाखान्यात जे इम्प्लांट जातात ते बहुतेक घाणीनं आणि सुजेनं जातात, भारानं एकट्यानं क्वचित. भार जास्त असला की आधी वरचा दात धरणारा छोटा स्क्रू सैल होतो, दाताच्या चिनी मातीचा टवका उडतो. फ्यूज उडतो तसं. मी तर सैल झालेला स्क्रू बघून खूश होतो, हाडानं बोलण्याआधी स्क्रू बोलला म्हणून. पण सूज असलेल्या हिरडीवर जास्तीचा भार आला तर दोघं मिळून हाड पटापट खातात.

ओळखायची खूण: हिरडीतून रक्त किंवा पू येतो, एक्स-रेत मानेपाशी वाटी दिसते, पण इम्प्लांट हलत नाही, तर घाण. आणि लिंबोणींच्या मावशींसारखं ना रक्त ना दुखणं आणि सगळंच हलतं, तर भार, किंवा मुळात धरलंच नव्हतं.

थोडंफार हाड मात्र सगळ्यांचंच जातं. पहिल्या वर्षात मानेपाशी एक-दीड मिमी. तेवढ्यानं हबकू नका. पुढं वर्षाला ०.२ मिमीच्या आत राहिलं तर ठीक, हा निकष १९८६ पासून आहे.

मोंढ्यावरचा | रात्री १०:१५

मला आज पहिल्यांदा कळलं की दंतवैद्य सैल स्क्रू बघून खूश होतात. स्क्रू सैल करून घ्यायचा दर काय?

मांजराकाठ | तीन महिन्यांनी, रात्री ९:३०

धागा वर काढतोय, कारण अण्णांचा दात बसला.

तुमचं सगळं मी घरी वाचून दाखवलं होतं. कोंबड्याचं ऐकून अण्णा म्हणाले, "मोजून ३६ घास खाऊ का?" पण मेढ आणि म्हैस मात्र पटलं. ते शेतकऱ्याचं उदाहरण. त्यानंतर भाकर कालवणात कुस्करून, डाव्या बाजूनं. कुरकुर करत का होईना, पाळलं.

आता त्या दिवशीचं. डॉक्टरांनी टोपी काढली, तिच्या जागी बारीक लोहचुंबकाची खुंटी बसवली आणि घट्टपणा मोजायचं पेनासारखं एक यंत्र जवळ धरलं, न टेकवता. टिंग वाजलं, आकडा आला ७४. दुसऱ्या बाजूनं धरलं, ७१. १ ते १०० ची पट्टी असते म्हणे, ७० च्या पुढं चांगलं. अण्णांनी विचारलं, "पास का?" डॉक्टर म्हणाले, "फर्स्ट क्लास." अण्णांनी खिशातून चष्मा काढून आकडा स्वतः वाचला.

मग दात. ताण_आणि_बाक यांची परातच लहान केलेली: शेजारच्या दाढेपेक्षा अरुंद, आणि वरचे उंचवटे जवळजवळ सपाट. आधी निळा कागद चाववला. मग चांदीसारखी एक झिरमिळी पट्टी, सिगारेटच्या पाकिटातल्या कागदाहून पातळ, दातांमध्ये ठेवली. "हळू चावा." पट्टी सरकून निघून आली. "आता जोरात." अडकली. डॉक्टर म्हणाले, बरोबर आहे, बाकीचे दात आधी टेकले पाहिजेत आणि मग हा. बाकीच्यांना बुश आहे, ते दबतात. याला नाही.

तेवढ्यात आईनं, जी चार महिने एकदाही काही बोलली नव्हती, दारातूनच सांगितलं, "डॉक्टरसाहेब, हे रात्री सुपारी फोडल्यासारखे दात खातात. लगीन झाल्यापासून."

सगळे गप्प.

अक्कलदाढ | रात्री ९:५५

आईंना नमस्कार सांगा. कुठल्याही एक्स-रेपेक्षा ही माहिती मोठी आहे.

जेवताना आपण तासभरही पूर्ण जोरानं चावत नाही. झोपेत दात खाणारा माणूस आडवा घासतो, जोरानं, आणि मेंदू आवरत नाही. शिवाय इम्प्लांटला तंतूंचा पट्टा नाही, म्हणजे "फार जोरात चावतोय" हे सांगणाऱ्या नसाही नाहीत. खरे दोन दात एकमेकांमधली २० मायक्रॉनची वस्तूही ओळखतात. खरा दात आणि समोर इम्प्लांट असेल तर ५० च्या घरात. परातीच्या काठावर बोट ठेवणारा माणूस हाच. नाइट गार्ड (झोपताना दातांवर घालायचं कवच) द्यायला सांगा, लगेच.

मांजराकाठ | येळवसच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी ८:१०

काल येळवस (वेळा अमावस्या) झाली. कोपीत सगळं मांडलं होतं, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. अण्णांनी पहिला घास उजवीकडं टाकला आणि माझ्याकडं बघत बघत चावला. शेवटी विचारलं, कसं लागतंय? "दात काम करतोय, पण बोलत नाही. खालचं काही कळत नाही, उंडा हाय का कापूस." मी अक्कलदाढांचे २० आणि ५० मायक्रॉन सांगायला गेलो तर म्हणाले, "जेव."

नाइट गार्ड आला. पहिले दोन दिवस पाण्याच्या घागरीवर ठेवलेला सापडला. आता घालतात. आई म्हणते, तिला चाळीस वर्षांत पहिल्यांदा रात्री सलग झोप लागली. डबी देवळीत ठेवलीय, तंबाखूच्या चंचीशेजारी.

अक्कलदाढ | सकाळी ८:२२

चंची??

मांजराकाठ | सकाळी ८:३१

ते विचारलं नव्हतं ना कुणी.

अक्कलदाढ | सकाळी ८:४०

पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं, ती चूक माझी. तंबाखू कुठल्या गालात धरतात?

मांजराकाठ | सकाळी ९:१५

उजव्या. विचारून आलो. म्हणाले, "डावीकडं सरकवतो."